रात्री अडीचला फोन उचलणारी कस्टम्स एजन्सी: कॅले-डोव्हर मार्गावरचे चौदा महिने

आमच्या मालवाहतूक कंपनीच्या गाड्या आठवड्यातून सहा दिवस फ्रान्समधल्या कॅलेहून फेरीने इंग्लंडमधल्या डोव्हरला येतात. माल बहुतेक ग्रुपेज. म्हणजे ट्रेलर एक, पण त्यात दहा-बारा गिऱ्हाइकांचं सामान आणि प्रत्येकाचे कागद वेगळे. मी ट्रॅफिक ऑफिसमध्ये रात्रपाळी करते. गाडी कुठे पोचली, ड्रायव्हरचे किती तास उरले, कुठली बोट मिळेल आणि कागद पूर्ण आहेत का, हे सकाळपर्यंत माझ्या गळ्यात. यातलं शेवटचं काम आम्ही गेले चौदा महिने एका कस्टम्स एजन्सीकडून करून घेतोय. आमच्या कंपनीचा करार चालू असल्यामुळे नाव देता येत नाही. पण सेवा कशी आहे, कुठे कमी पडते आणि अशी सेवा घेताना काय विचारायचं, ते सगळं लिहिते. या धंद्यात नवीन असताना मला हे कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

आधी आमच्यावर काय वेळ आली होती ते सांगते, म्हणजे मी एजन्सी कशावरून निवडली ते कळेल. तेव्हा दुसरा एजंट होता. स्वस्त होता, दिवसा कामही नीट करायचा. एकदा फ्रान्समध्ये रॅंसजवळ आमच्या ट्रॅक्टरचा, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीचा, क्लच गेला. लीलहून दुसरा ट्रॅक्टर पाठवला, ट्रेलर जोडला आणि ड्रायव्हर रात्री साडेअकराला कॅलेच्या चेक-इन बूथवर पोचला. तिथे त्याला अडवलं. जीएमआरवर जुन्या ट्रॅक्टरचा नंबर होता आणि समोर उभी होती वेगळी गाडी.

जीएमआर म्हणजे गाडीच्या त्या एका फेरीचा नंबर. ब्रिटनच्या एचएमआरसी या कर आणि कस्टम्स खात्याच्या जीव्हीएमएस नावाच्या प्रणालीत तो तयार होतो. १२ अक्षरांचा असतो, सुरुवात जीएमआर या अक्षरांनीच होते आणि कागदावर किंवा फोनवर बारकोड दिसतो. गाडीतल्या प्रत्येक मालाच्या डिक्लेरेशनचा नंबर, म्हणजे एमआरएन, या एका नंबराखाली गुंफलेला असतो. फेरी कंपनी तो चेक-इनला तपासते आणि तो बरोबर नसेल तर गाडी बोटीवर चढत नाही. रिकामी गाडी असली तरी लागतो. चेक-इन होईपर्यंत त्यात बदल करता येतो, गाडीचा नंबर बदलणं तर दोन मिनिटांचं काम.

पण ज्या खात्यातून जीएमआर काढला त्याच खात्यातून तो बदलता येतो. आमचा जीएमआर एजंटने त्याच्या खात्यातून काढला होता आणि त्याचं ऑफिस संध्याकाळी सहाला बंद झालं होतं. आमच्या हातात नुसता बारकोड. आतले अकरा एमआरएन त्याच्या फायलीत, त्यामुळे नवीन काढायचा तर तोही काढता येईना. मी पाच वेगवेगळ्या नंबरांवर फोन लावले. सकाळी साडेआठला एजंटने फोन उचलला, नंबर बदलला, मनापासून माफीही मागितली. त्या ट्रेलरमध्ये एका छापखान्याच्या मशीनचे भाग होते. तिकडे फिटर सकाळी सातपासून हत्यारं घेऊन उभा होता. ड्रायव्हर रात्रभर कॅलेच्या लायनीत, त्याची विश्रांतीही धड झाली नाही. सकाळी त्याचा आवाज ऐकून मला फार वाईट वाटलं होतं. त्याची काहीच चूक नव्हती.

म्हणून नवीन एजन्सी बघताना मी दरपत्रक बाजूला ठेवलं. तिघांची नावं समोर होती. तिघांच्याही वेबसाइटवर चोवीस तास सेवा लिहिलेली. मी माझ्या रात्रपाळीत, अडीच वाजता, तिघांना फोन केला. एकीकडे रेकॉर्ड केलेला आवाज. दुसरीकडे माणूस होता, पण तो फक्त निरोप लिहून घ्यायला. तिसरीकडे एक बाई बोलल्या. मी त्यांना क्लचचीच गोष्ट सांगितली आणि विचारलं, असं झालं तर तुम्ही काय कराल? त्या म्हणाल्या, "जीएमआर आम्ही काढणारच नाही. तुमचं जीव्हीएमएसचं खातं उघडा, ते फुकट आहे. आम्ही एमआरएन पाठवू, जीएमआर तुम्ही बांधा. गाडी तुमच्या हातात असते, मग नंबरही तुमच्या हातात पाहिजे."

करार त्यांच्याशीच झाला. हा एक सल्लाच वर्षभराच्या फीच्या तोडीचा होता, असं मी आजही म्हणते. खातं उघडायला जीबी किंवा एक्सआयने सुरू होणारा ईओआरआय, म्हणजे कस्टम्सकडच्या नोंदणीचा नंबर लागतो, तो मालवाहतूक करणाऱ्या कंपनीकडे बहुधा असतोच. तुमचा एजंट अजूनही स्वतःच्या खात्यातून जीएमआर काढत असेल तर आजच बोलून घ्या.

आता रोजच्या कामाचं. ब्रेक्झिटनंतरचे नियम १ जानेवारी २०२१ला लागू झाले. त्याआधी इन्व्हॉइस आणि सीएमआर बिल्टी गाडीत टाकली की माल निघायचा. आता त्याच मालाला फ्रान्सच्या बाजूचं एक्स्पोर्ट डिक्लेरेशन लागतं, ब्रिटनच्या बाजूचं इम्पोर्ट डिक्लेरेशन लागतं आणि ३१ जानेवारी २०२५पासून युरोपियन युनियनमधून येणाऱ्या मालाला ईएनएसही, म्हणजे माल पोचण्याआधी द्यायचं सुरक्षेचं डिक्लेरेशन, लागतं. या ईएनएसबद्दल बऱ्याच प्लॅनर मंडळींचा गैरसमज आहे. ड्रायव्हर गाडीबरोबर बोटीवर जाणार असेल तर ते भरण्याची जबाबदारी मालवाहतूक कंपनीची असते. नुसता ट्रेलर बोटीवर सोडला तर ती फेरी कंपनीकडे जाते. आमच्या गाड्या ड्रायव्हरसकट येतात, म्हणजे गिऱ्हाइकाच्या एजंटने इम्पोर्टचं काम केलं तरी ईएनएस आमच्याच डोक्यावर. बंदरात पोचण्याच्या किमान दोन तास आधी ते गेलेलं असावं लागतं. कॅले-डोव्हर बोट साधारण दीड तासाची. म्हणजे बोटीवर चढल्यावर भरू म्हटलं तर उशीर झालेलाच असतो.

एजन्सी हे काम वेळेत करते. चौदा महिन्यांत ईएनएसमुळे आमची एकही गाडी अडली नाही. पण मला त्यांचं कौतुक वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. गाडी भरायच्या आधी तिथली माणसं प्रश्न विचारतात.

एक प्रसंग सांगते. बारा कन्साइनमेंटचा लोड होता. रात्री पावणेदोनला रात्रीच्या डेस्कवरच्या त्याच बाईंचा फोन आला. आठव्या इन्व्हॉइसवर मालाचं वर्णन होतं "पंप पार्ट्स" आणि विकणाऱ्याने पंपाच्या भागांचा कस्टम्स कोड टाकला होता. बाईंनी विचारलं, हे भाग कशाचे आहेत? मला कुठून माहीत असणार! मी गोदामात फोन केला, तिथल्या मुलाने खोका उघडून फोटो पाठवला. हिरवट पिशवीत काळ्या रबराच्या रिंगा होत्या, दुसरं काहीही नाही. बाई म्हणाल्या, मऊ व्हल्कनाइज्ड रबराचे गॅस्केट-सील मशीनमध्ये बसत असले तरी मशीनच्या भागांत मोजत नाहीत, ते रबराच्या ४०१६ या कोडमध्ये जातात. कोड बदलला की ड्यूटीचा हिशेब बदलतो. त्यांनी रात्रीच विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला ईमेल लिहिली. सकाळी दोघांचं उत्तर आल्यावर डिक्लेरेशन टाकलं आणि गाडी दुपारच्या बोटीने आली. आधीच्या एजंटने इन्व्हॉइसवर आहे तोच कोड टाकला असता. गाडीही आली असती, आणि चूक गिऱ्हाइकाच्या अंगावर तपासणीत कधीतरी निघाली असती.

त्या रात्री उशीर झाला म्हणून गिऱ्हाईक आधी चिडलं होतं. दोन दिवसांनी त्यांच्या अकाउंट्समधून फोन आला की हाच माल गेली दोन वर्षं चुकीच्या कोडखाली येतोय, सगळा मागचा हिशेब तपासायला घेतलाय.

ओरिजिनच्या बाबतीतही त्या अशाच चिवट. ब्रिटन आणि युरोपियन युनियनच्या व्यापार करारात ड्यूटी शून्य लागते ती तिथे बनलेल्या मालाला. तिथून नुसत्या निघालेल्या मालाला नाही. जर्मनीतल्या गोदामातून चिनी बनावटीचं सामान आलं तर त्याला ही सवलत मिळत नाही, आणि हे समजावताना माझी दमछाक होते. शिवाय कन्साइनमेंट ६,००० युरोंच्या वर असेल तर युरोपातल्या विकणाऱ्याच्या ओरिजिन स्टेटमेंटवर त्याचा रेक्स, म्हणजे नोंदणीकृत निर्यातदाराचा नंबर लागतो. नंबर नसेल तर एजन्सी थांबते, विचारते, आणि उत्तर नाही आलं तर पूर्ण ड्यूटी लावून माल सोडायचा की थांबवायचा हा निर्णय गिऱ्हाइकाकडून लेखी घेते. लेखी घेते, हे महत्त्वाचं. नंतर कुणी कुणावर ढकलू शकत नाही.

लाकडी पॅलेटसुद्धा त्यांच्या यादीत आहे. आधी मला वाटलं, हे एजंटचं काम थोडंच आहे! पण २०२१पासून ब्रिटन आणि युरोपियन युनियनमध्ये जाणाऱ्या-येणाऱ्या लाकडी पॅकिंगला आयएसपीएम १५ या कीड रोखण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा शिक्का लागतो. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं असलं की त्यावर एचटी अशी खूण असते, शेजारी गव्हाच्या ओंबीचं चित्र आणि देशाची अक्षरं. नवीन गोदाम असलं की एजन्सी पॅलेटच्या ठोकळ्याचा फोटो मागते. एका गोदामातून आलेल्या फोटोत ओंबी होती, देश होता, पण शिक्क्याचा उरलेला भाग रंधून गेला होता. नव्या फळीने दुरुस्त केलेलं पॅलेट होतं ते. गोदामवाल्यांनी माल दुसऱ्या पॅलेटवर घेतला. काम वीस मिनिटांचं. बंदरात ते निघालं असतं तर किती तासांचं झालं असतं, याचा विचार नको.

आता माझ्या रात्रीतल्या सगळ्यात ताणाच्या वेळेबद्दल, म्हणजे बोट समुद्रात असतानाच्या दीड तासाबद्दल. चेक-इन झालं की जीएमआरची स्थिती बदलते, बोट निघाली की पुन्हा बदलते. मग एचएमआरसीची प्रणाली आतली सगळी डिक्लेरेशन तपासून ठरवते की गाडी तपासणीला थांबवायची की सरळ सोडायची. ते बघायला एक सरकारी वेब पान आहे. जीएमआर टाकला की उत्तर येतं. ड्रायव्हरने उतरण्याआधी ते बघणं अपेक्षित आहे, पण खाडीच्या मध्यावर त्याच्या फोनला धड रेंज नसते आणि बऱ्याचदा तो जेवत किंवा डोळा लागून पडलेला असतो. म्हणून ते पान मी बघत बसते. अकरा कन्साइनमेंटपैकी एकीची तपासणी निघाली तरी पूर्ण ट्रेलर जातो. डोव्हर बंदरात मोठ्या तपासणीला जागा नाही, गाडीला सुमारे ३५ किलोमीटर आत, ॲशफर्डजवळच्या सेव्हिंग्टनला जावं लागतं, एम-२० महामार्गाच्या १०ए जंक्शनला लागून.

एजन्सीचा रात्रीचा डेस्कही हे पान बघतो. हे करारात नाही. मी मागितलंही नव्हतं. पहिल्यांदा तपासणी निघाली तेव्हा मी फोन उचलायच्या आधी त्यांचाच मेसेज आला होता: गाडी सेव्हिंग्टनला वळवा, चौथ्या कन्साइनमेंटसाठी आहे, त्याचे इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि डिक्लेरेशन एकाच फाइलमध्ये जोडले आहेत, ड्रायव्हरच्या फोनवर पाठवा. मी पाठवलं. ड्रायव्हर रॅम्पवरून उतरला तेव्हा कुठे वळायचं हे त्याला माहीत होतं आणि दाखवायचे कागद त्याच्या हातात होते. अधिकाऱ्यांनी कागद बघितले, दोन खोके उघडले, गाडी पहाटे निघाली. असं काम पाहिलं की जीव भांड्यात पडतो.

उलट दिशेचं थोडक्यात. ब्रिटनहून फ्रान्सला जाताना डोव्हरच्या चेक-इनला फ्रेंच प्रणालीत गाडीचा नंबर आणि डिक्लेरेशन यांची जोडी लागते. बोटीवर असतानाच कळतं की कॅलेला हिरव्या लायनीतून सरळ बाहेर पडायचं की नारिंगी लायनीत जायचं. एजन्सीचं फ्रान्समध्येही ऑफिस असल्यामुळे नारिंगी आली तर तिकडच्या भाषेत बोलणारा माणूस लगेच मिळतो. ज्यांच्या एजंटचं ऑफिस फक्त एका बाजूला आहे त्यांचे ड्रायव्हर नारिंगी लायनीत किती वेळ उभे राहतात, ते आमचे ड्रायव्हर येऊन सांगतात.

ट्रान्झिट, म्हणजे टी-१, याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. ड्यूटी सीमेवर न भरता आतल्या ठिकाणी भरायची असेल तर माल टी-१वर चालतो. त्यामागे कुणाची तरी गॅरंटी असते. माल ठरलेल्या ऑफिसात किंवा परवानाधारक गोदामात दाखवून टी-१ बंद करून घ्यावा लागतो. आमच्या एका जुन्या लोडमध्ये ड्रायव्हरने घाईत सील तोडून माल थेट गिऱ्हाइकाकडे उतरवला. माल पोचला, सही मिळाली, सगळे खूश. काही महिन्यांनी चौकशीचं पत्र आलं, कारण कागदोपत्री तो माल अजून रस्त्यावरच होता. ते निस्तरताना आमच्या ऑफिसातल्या दोघांचे कित्येक दिवस गेले.

आताची एजन्सी दर शुक्रवारी दुपारी उघड्या टी-१ची यादी पाठवते. एमआरएन, गाडी, ठरलेलं ऑफिस आणि मुदत. एमआरएन १८ अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढची दोन अक्षरं देशाची, त्यामुळे यादीवर नुसती नजर टाकली तरी जुना अडकलेला टी-१ कळतो. मी ती यादी छापून भिंतीवर लावते आणि बंद झालेल्यावर रेघ मारते. चौदा महिन्यांत एकही चौकशीचं पत्र नाही.

आता खटकणाऱ्या गोष्टी, कारण त्याही आहेत.

त्यांचं पोर्टल वाईट आहे. पीडीएफ टाकली की कधीकधी शेवटची पानं गळतात आणि कसली सूचनाही येत नाही. पॅकिंग लिस्टचं तिसरं पान नसल्यामुळे वजन जुळत नाही, मग फोन येतो, मग आम्ही पुन्हा पाठवतो. मी आता पोर्टलवर टाकते आणि ईमेलनेही पाठवते. हे दुप्पट काम आहे आणि सहा महिन्यांपूर्वी तक्रार करूनही तसंच चालू आहे.

बिल समजायला कठीण आहे. पहिल्या पाच कमोडिटी लाइन, म्हणजे डिक्लेरेशनमधल्या मालाच्या ओळी, एका दरात, पुढची प्रत्येक लाइन वेगळी. ग्रुपेजमध्ये लाइन पटापट वाढतात. डिक्लेरेशन दुरुस्तीचा आकार तर दोनदा आमच्यावर लागला, जेव्हा चूक त्यांच्या टायपिंगची होती. दाखवल्यावर परत केला, वाद घातला नाही, पण दाखवायला आम्हाला लागलं. बिल ओळ-ओळ तपासणारं कुणी तुमच्याकडे नसेल तर हे पैसे जातील.

खाण्याच्या मालात ते कच्चे आहेत. मांस, दूध, झाडंझुडपं यांना आयपॅफ्स या ब्रिटनच्या सरकारी प्रणालीवर आधी सूचना, आरोग्य प्रमाणपत्र, सेव्हिंग्टनची वेगळी तपासणी आणि त्याचं वेगळं शुल्क असं सगळं असतं. आम्ही चीजचा एक लोड विचारला तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं की हे आमचं रोजचं काम नाही, दुसऱ्याला द्या. प्रामाणिकपणा आवडला. पण तुमचा धंदा फ्रिज ट्रेलरचा असेल तर ही एजन्सी तुमच्यासाठी नाही.

आणि रविवारची रात्र. सोमवारी सकाळी गिऱ्हाइकांना माल हवा असतो, म्हणून रविवारी रात्रीच सगळ्यात जास्त गाड्या कॅलेला येतात. नेमका तेव्हा त्यांच्या डेस्कवर एकच माणूस असतो. फोन उचलला जातो, पण चाळीस-चाळीस मिनिटं थांबावं लागलेलं आहे, आणि चाळीस मिनिटांत एक बोट जाते. मागच्या महिन्यात दोनदा आमची गाडी केवळ याच कारणाने पुढच्या बोटीवर गेली.

पाचपैकी चार तारे देते. एक तारा रविवारचा आणि बिलाचा मिळून कापला. ग्रुपेज, सुका माल, ड्रायव्हरसकट गाड्या आणि रात्रीची वाहतूक असेल तर अशीच एजन्सी शोधा, आणि आधी रात्री अडीचला फोन करून बघा. विचारायचा प्रश्न तयार ठेवा. ट्रॅक्टर बदलला तर काय, टी-१ उघडा राहिला तर कोण सांगणार, इन्व्हॉइसवर नुसतं "पार्ट्स" लिहिलेलं असेल तर तुम्ही काय करता. उत्तर कोण देतं आणि किती वेळात देतं, ते ऐका.

आम्ही करार पुढच्या वर्षासाठी वाढवतोय. रविवारी रात्री दहा ते दोन डेस्कवर दोन माणसं हवीत, ही अट लिहून घातली आहे. त्यांनी मान्य केली आहे, पहिला रविवार अजून यायचाय.